जुगाडाखालचा जुना फ्रिज

गोदरेजने १९५८ मध्ये जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीच्या सहकार्याने भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली. पुढची बरीच वर्षे इथल्या घरांत मोजकीच नावे दिसत: गोदरेज, केल्व्हिनेटर, हैदराबादचा ऑल्विन, व्होल्टास. फ्रिज ही तेव्हा चैनीची वस्तू होती. ती बिघडली म्हणून कुणी टाकून देत नसे. मेकॅनिकला बोलवायचे आणि मिळतील त्या भागांवर ती चालू करून घ्यायची, अशी रीत होती. म्हणूनच आज सोलापुरात एखाद्या जुन्या घराच्या पडवीत किंवा भंगारवाल्याकडे सापडणारा चाळीस-पन्नास वर्षांचा फ्रिज कारखान्यातून निघाला तसा क्वचितच असतो. त्याच्यावर अनेकांचा हात फिरलेला असतो. असा फ्रिज छंद म्हणून पुन्हा उभा करायचा, तर आधी त्यात काय आणि कशासाठी बदलले आहे ते ओळखावे लागते. रंग आणि गॅस ही नंतरची कामे.

सुरुवात मागच्या बाजूने करावी. खाली कॉम्प्रेसरचा काळा डबा असतो. कारखान्यातल्या डब्याला वेल्डिंगची एकच, एकसारखी रेघ असते. तिच्यालगत दुसरी जाडसर, उंचसखल रेघ दिसली, तर डबा कापून आतली मोटार पुन्हा वाइंड केली आहे असे समजावे. सोलापूरसारख्या यंत्रमागांच्या गावात मोटार वाइंडिंग करणाऱ्यांची वाण नसते, आणि फ्रिजची बंद मोटारही अशा हातांनी जिवंत केलेली आढळते. काही फ्रिजमध्ये मूळ कॉम्प्रेसरच्या जागी दुसऱ्याच कंपनीचा, वेगळ्या ताकदीचा कॉम्प्रेसर अँगलच्या तुकड्यांवर बसवलेला असतो. मग दार उघडून फ्रीझर पाहावा. बर्फ सुरीने खरवडताना अॅल्युमिनियमच्या पत्र्याला भोक पडणे हा जुन्या फ्रिजचा नेहमीचा अपघात. भोक बुजले नाही की त्या पेटीभोवती तांब्याची नळी गुंडाळून गॅसला नवी वाट काढून देत. याशिवाय दिव्याच्या बटणाच्या जागी घरातला साधा स्विच, थर्मोस्टॅट वगळून केलेली थेट जोडणी, मागच्या जाळीवर वारा सोडणारा पंखा, दाराला बाहेरून ठोकलेला कडी-कोयंडा आणि या सगळ्यावर ब्रशने फासलेला ऑइल पेंट.

हे सारे उपटून मूळ रूप आणायचे, असा नवख्याचा पहिला उत्साह असतो. तो आवरलेला बरा. काही बदलांमागे चांगले कारण असते. मागचा पंखाच घ्या. फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून खोलीत टाकतो, म्हणून जाळीतला गॅस खोलीपेक्षा दहा-पंधरा अंशांनी गरम असावा लागतो. जुन्या आर-१२ गॅसचा दाब ४० अंशांना सुमारे १२५ पीएसआय असतो, तर ५५ अंशांना तो १८५ च्या आसपास जातो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर गेला की कॉम्प्रेसरला हा चढा दाब सोसत जवळजवळ सतत चालावे लागते. आंतरराष्ट्रीय मानकांतला उष्ण प्रदेशाचा सर्वांत वरचा गटही ४३ अंशांपर्यंतचाच आहे. अशा गावात ज्या कुणी जाळीवर पंखा लावला, त्याने यंत्राचे आयुष्य वाढवले. पंखा ठेवावा, फक्त त्याची वायर नीट करून जाळीचे संरक्षण बसवावे.

थर्मोस्टॅट वगळणारी जोडणी मात्र काढायलाच हवी. त्या जोडणीत कॉम्प्रेसर कधी थांबतच नाही. कडी-कोयंड्याच्या बाबतीत तर कसलीही सवलत देऊ नये. बाहेरून खटक्याने बंद होणारे जुने दार आतून उघडत नाही. लपाछपी खेळताना टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये शिरलेली मुले गुदमरून दगावल्याच्या घटनांमुळे अमेरिकेने १९५६ मध्ये खास कायदा करून आतून ढकलल्यावर उघडणारे दार सक्तीचे केले. चुंबकी गॅस्केटचा प्रसार त्यानंतर झाला. दाराचे मूळ हँडल दिसायला सुंदर असते. ते शोभेपुरते जागेवर ठेवून आतला खटका काढावा आणि दाराला मापाचे चुंबकी गॅस्केट लावावे. जुन्या वस्तूच्या मूळपणाशी केलेली ही तडजोड पूर्णपणे योग्य आहे.

काय ठेवायचे ते ठरले की प्रत्येक जोडाचे फोटो काढावेत आणि मागची पाटी पुसून वाचावी. गॅस कोणता, किती ग्रॅम आणि मोटार किती अँपिअरची, हे तिच्यावर असते. यानंतरही प्लग लावण्याची घाई नको. कॉम्प्रेसरच्या बाजूचे झाकण काढले की तीन पिना दिसतात: कॉमन, स्टार्ट आणि रन. मल्टिमीटरने दोन-दोन पिनांमधला रोध मोजायचा. स्टार्ट आणि रन यांच्यामधला रोध सर्वांत जास्त आणि उरलेल्या दोन्हींच्या बेरजेइतका आला, तर वाइंडिंग शाबूत आहे. एखाद्या पिनेचा संबंध बाहेरच्या डब्याशी लागला, तर मोटार गेली. ही मोजणी मिनिटाभराची असते आणि मोठा खर्च वाचवते. वायरचे रबर इतक्या वर्षांत कडक होऊन तडकलेले असते, त्यामुळे आतली वायरिंग सरसकट नवी घालावी आणि तीन पिनांच्या प्लगने पत्र्याच्या शरीराला अर्थिंग द्यावे. रिले आणि ओव्हरलोड प्रोटेक्टर कॉम्प्रेसरच्या ताकदीचेच हवेत. दुसऱ्या कॉम्प्रेसरवर चालवलेला जुना रिले हे मोटार जळण्याचे नेहमीचे कारण आहे.

सर्वांत जोखमीचा भाग गॅसचा. या पिढीच्या फ्रिजमध्ये आर-१२ असे. तो जळत नाही आणि श्वासात गेला तरी सहज विषबाधा होत नाही, म्हणून १९३० नंतर त्याने सल्फर डायऑक्साइडसारख्या घातक वायूंची जागा घेतली. पुढे तोच ओझोनच्या थराला भोवला. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला आणि २०१० पासून देशात अशा गॅसचा वापर जवळपास पूर्णपणे बंद झाला. नळीत आर-१२ शिल्लक असेल, तर तो हवेत सोडणे म्हणजे त्याच्या वजनाच्या सुमारे दहा हजार पट कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे आहे. तो रिकव्हरी मशिनने सिलिंडरमध्ये ओढून घ्यावा. भरलेल्या नळीवर गॅसची ज्योत तर कधीच धरू नये, कारण तापलेल्या आर-१२ पासून विषारी वायू तयार होतात.

त्याच्या जागी काय भरायचे, यावर जाणकारांत मतभेद आहेत. आर-१३४ए चे गुणधर्म आर-१२ च्या जवळचे आहेत, पण जुन्या कॉम्प्रेसरमधल्या खनिज तेलात तो मिसळत नाही. त्याला एस्टर जातीचे तेल लागते आणि जुने तेल जवळजवळ पूर्ण धुऊन काढावे लागते. आजच्या नव्या फ्रिजमधला आर-६००ए म्हणजे आयसोब्यूटेन. तो खनिज तेलाशी जुळतो, पण आर-१२ च्या कॉम्प्रेसरमध्ये त्याची थंड करण्याची क्षमता निम्म्यावर येते. प्रोपेन आणि आयसोब्यूटेनचे मिश्रण आर-१२ च्या बरेच जवळ जाते आणि वजनाने निम्म्याहून कमी पुरते. हे दोन्ही वायू पेट घेतात आणि हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतात. आतला थर्मोस्टॅट आणि दिव्याचे बटण ठिणगी पाडतात, म्हणून ते सीलबंद प्रकारचे घ्यावे लागतात किंवा पेटीबाहेर न्यावे लागतात. स्वयंपाकाचा गॅस भरून फ्रिज ‘मस्त चालतो’ असे सांगणारे भेटतात; त्यांचे ऐकू नये. छंद म्हणून काम करणाऱ्याला सोयीचा मार्ग म्हणजे मूळ पेटी ठेवून आर-१३४ए चा नवा कॉम्प्रेसर, त्याला जुळणारी कॅपिलरी (गॅसचा दाब उतरवणारी बारीक नळी) आणि नवा फिल्टर बसवणे. पाहणाऱ्याला बाहेरून काहीच फरक कळत नाही.

नळ्यांचे काम मात्र रेफ्रिजरेशनचा आयटीआय केलेल्या कारागिराकडेच द्यावे आणि आपण शेजारी उभे राहून पाहावे. ब्रेझिंग झाल्यावर नायट्रोजन भरून प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा दिसला की गळती. या कामासाठी ऑक्सिजन वापरणे म्हणजे तेलाशी गाठ पडून स्फोटाला आमंत्रण. नंतर व्हॅक्यूम पंपाने नळ्या कोरड्या करायच्या. फ्रिजच्याच कॉम्प्रेसरने हवा ओढण्याची पद्धत अजूनही चालते, पण तिने ओलावा जात नाही. तो पुढे कॅपिलरीच्या तोंडाशी गोठतो आणि थंडावा येत-जात राहतो. गॅस काट्यावर मोजून भरायचा, अंदाजाने नाही.

पेटीचे काम हाताला समाधान देणारे आहे. जुन्या फ्रिजच्या दोन पत्र्यांमध्ये पफ (पॉलियुरेथेन फोम) नसून काचलोकर असते. बाहेरची दमट हवा फटींतून आत शिरते, थंड पत्र्याला लागून तिचे पाणी होते आणि काचलोकर भिजून निकामी होते. तळाचे कोपरे गंजतात ते यानेच. ओली काचलोकर मास्क आणि हातमोजे घालून काढावी, पत्रा वाळवावा, नवी भरून बाहेरच्या पत्र्याच्या फटी सीलंटने बंद कराव्यात. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे तो कोरडा घासू नये. वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासावा आणि मुलांना लांब ठेवावे. मग प्राइमर, खड्ड्यांत लांबी आणि स्प्रेने रंग. झिजलेल्या बिजागरीची पितळी बुश कुठलाही लेथवाला काढून देतो.

गॅस्केटची परीक्षा कागदाच्या कपट्याने होते. दारात कपटा अडकवून ओढायचा. तो सहज निघाला तर तिथून थंडावा जातो. मग रिकामा फ्रिज एक दिवस चालवून आत पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवावा. चार-पाच अंश दिसले आणि कॉम्प्रेसर मधूनमधून थांबू लागला की काम जमले. ही परीक्षा डिसेंबरात उतरली तरी मे महिन्यात पुन्हा घ्यावी. वीज तो नव्या फ्रिजपेक्षा जास्त खातो, म्हणून घरचा मुख्य फ्रिज म्हणून त्याची शिफारस करता येत नाही. पाण्याच्या बाटल्या, ताक आणि सरबतासाठी बैठकीतला दुसरा फ्रिज म्हणून तो उत्तम.

आणि काम अर्ध्यावर सोडावेसे वाटले, तर एवढे जरूर करावे: त्याच दिवशी दार बिजागरीतून काढून वेगळे ठेवावे, शिल्लक गॅस रिकव्हर करून घ्यावा आणि पेटी नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावी.