बस्ता बांधताना दुकानातल्या दिव्यांकडेही बघा

आमच्या गेवराईत लग्न ठरलं की बस्त्यासाठी आधी गावातली दुकानं पाहिली जातात, मग बीड, नाहीतर थेट छत्रपती संभाजीनगर. मोठ्या दुकानात पाऊल टाकलं की सगळंच कापड सुंदर दिसतं. आमच्या घरच्या निकाहसाठी शराऱ्याचं कापड आणि त्यावर ओढणी घेतली. दुकानात दोन्हींचा रंग एकच, मोतिया. घरी अंगणात उघडलं तर ओढणी चक्क हिरवट! कापड कापलेलं, त्यामुळे दुकानदार परत घेईना.

हे होतं कसं? कापडाला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्यावर जो प्रकाश पडतो त्यातलाच काही भाग ते परत फेकतं. सूर्याच्या उजेडात सगळे रंग असतात, एलईडीत काही कमी-जास्त. म्हणून एका दिव्याखाली जुळलेले दोन रंग दुसऱ्या उजेडात वेगळे पडतात. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, याचा एक आकडा असतो, सीआरआय. जास्तीत जास्त १००. साध्या एलईडीचा ८० च्या आसपास, चांगल्याचा ९० च्या वर. उजेडाचा पिवळे-पांढरेपणा केल्विनमध्ये मोजतात. सोनं २७०० ते ३००० केल्विनच्या पिवळसर उजेडात खुलतं, चांदी आणि हिरे पांढऱ्या उजेडात. सराफाच्या दुकानात गेलात तर वर बघा.

कुठे कोणता दिवा लावायचा, हे ठरवणं आता स्वतंत्र पेशा झालाय. तो सगळ्यात ठळक दिसतो नाइट क्लबमध्ये. तिथे आपलं काही काम नाही, पण युक्ती समजून घ्यावी. भिंती काळ्या, कोपरे अंधारात, त्यामुळे खोली कुठे संपते तेच कळत नाही. लाल, हिरवा, निळा, एवढ्या तीन रंगांच्या मिश्रणातून संगणक ठेक्यावर हवा तो रंग काढतो. डोळे अंधाराला सरावले की थोडा उजेडही झगमगाट वाटतो. कपड्यांच्या शोरूममध्ये हेच जरा सौम्य असतं: वाट अंधुक, पुतळ्यावर झोत. नजर तिकडेच जाते, मागोमाग हात खिशात.

मुंबईत अयाझ आणि झमीर बसराई या भावांचा ‘द बसराइड’ हा डिझाईन स्टुडिओ रेस्टॉरंट, बार अशा जागांच्या सजावटीसाठी ओळखला जातो. अयाझ अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत शिकले. मंडप-लाइटिंगवाल्यांच्या पोरांना वायरिंग दहावीआधीच येतं. त्यांना हे शिक्षण आहे, एवढं तरी आपण सांगायला हवं. शाळा, वाचनालय, मशीद, दवाखाना, उजेड नीट हवाच असतो की.

ओलं धान्य ढिगाखाली दडवणाऱ्याला प्यारे नबी (स.) यांनी टोकलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दिवा लावणं म्हणजे दडवणं नव्हे, पण गिऱ्हाइकाने दारात नेऊन बघतो म्हटलं तर अडवू नये.

पैसे देण्याआधी दोन्ही कापडं दाराशी, सावलीतल्या उजेडात एकमेकांवर ठेवा. मोबाईलच्या टॉर्चवर विसंबू नका, तोही एलईडीच. रमजानमध्ये आपला बाजार तरावीहनंतर भरतो, तेव्हा दारातही उजेड नसतो. चपला-बांगड्या रात्री घ्या, मॅचिंगचं तेवढं जोहर ते असरच्या मधे उरका.