भंडारदरा: गाडीतून उतरल्यावर दिसणारा

भंडारदरा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर धरण येतं. ऑगस्टमधला सांडवा आणि भिंतीच्या पायथ्याचा अंब्रेला फॉलही आठवतो. मुंबई-पुण्याच्या गाड्या शेंडी गावात येतात, तळ्याभोवतीच्या रस्त्याने एक फेरी मारतात, भाजलेलं कणीस आणि भजी खाऊन दिवेलागणीला परत फिरतात. रस्ता सुंदर आहेच. पण अकोले तालुक्याचा हा कोपरा खरा कळतो तो पायी. तळ्याच्या काठावरल्या प्रत्येक वाडीतून डोंगरात एक तरी वाट चढते आणि त्यातल्या बहुतेक वाटा ट्रेकिंग हा शब्द इकडे पोचण्याच्या कितीतरी आधीच्या आहेत.

प्रवरेवरचं हे धरण १९१० मध्ये बांधायला घेतलं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून ते विल्सन डॅम झालं, मागचं तळं आर्थर लेक म्हणून ओळखलं जाऊ लागलं. भिंत ८२ मीटर उंच, साठा सुमारे ११ टीएमसी. हे पाणी जातं खाली, लाभक्षेत्रातल्या उसाला. वर तळ्याभोवती मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे ही गावं आहेत. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची; भाताची खाचरं, वरकस जमिनीवर नागली आणि वरई. राजूरच्या बाजाराला जायचं, कोकणात उतरायचं, देवाला जायचं, गुरं चारायची, या सगळ्या कामांसाठी पडलेल्या वाटांवरूनच आज आपण सॅक पाठीला लावून चालतो. इंग्रजांविरुद्ध बंड उभारणारे राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं गेलं. आता जलाशयालाही त्यांचं नाव दिलं आहे. ते योग्यच झालं.

एकच वाट चालायची असेल तर मी रतनवाडीची सांगेन. गावाच्या कडेला अमृतेश्वराचं प्राचीन दगडी मंदिर आहे. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम निवांत बघावं, शेजारच्या पुष्करणीतली देवकोष्ठंही. भर पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी चढतं आणि पिंड पाण्याखाली जाते. देवळापासून रतनगडाची वाट प्रवरेच्या अंगाने निघते. नदी इथे अजून ओढ्याएवढी आहे, कारण तिचा उगम याच डोंगरात आहे. ती दोन-चारदा ओलांडत आपण दाट झाडीत शिरतो. झाडीत एक फाटा फुटतो. एक वाट कात्राबाईच्या खिंडीकडे जाते, दुसरी गडाकडे. इथे चुकणारे पुष्कळ; म्हणूनच गावातून वाटाड्या घ्यावा.

मग चढ उभा होतो, लोखंडी शिड्या लागतात, गणेश दरवाजा आणि हनुमान दरवाजा येतो. माथा १,२९७ मीटरवर. गडाचं नवल म्हणजे त्याचं नेढं, कातळाला आरपार पडलेलं भोक. खालून ते सुईच्या नाकाएवढं दिसतं, वर गेल्यावर त्यात माणसं ऐसपैस बसतात. वारा असा भरारतो की टोपी काढून खिशात कोंबावी लागते. इथून अलंग, मदन, कुलंग ही त्रयी आणि कळसूबाई एका नजरेत येतात आणि तळं किती वेडंवाकडं डोंगरांत घुसलंय तेही कळतं. रस्त्यावरून ते कधीच पुरतं दिसत नाही. गडाच्या उतारांवर कारवी माजलेली असते. ती सात वर्षांतून एकदा फुलते आणि त्या वर्षी डोंगर जांभळा होतो. एरवी याच कारवीच्या काठ्यांचे कूड शेणामातीने लिंपून इथल्या घरांच्या भिंती उभ्या राहतात. आल्या वाटेने परतायचं नसेल तर त्र्यंबक दरवाजातून कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी साम्रदला उतरता येतं.

साम्रदची सांदण दरी आता फार प्रसिद्ध झाली आहे. जमिनीला उभी चीर पडावी तशी ही घळ, दोन्ही बाजूंना दोनशे-तीनशे फुटांचे कातळ, तळाशी दगडगोटे आणि मध्येच कमरेइतकं गार पाणी. ऊन तळापर्यंत पोचतं ते भर दुपारी, तेही थोडा वेळ. शेवटपर्यंत जाऊन कोकणात उतरायचं तर दोर आणि जाणती माणसं हवीत. पावसाळ्यात इथे पाऊल टाकू नये. वरचं सगळं पाणी याच चिरेतून वाहतं.

कळसूबाईची वाट शेंडीच्या अलीकडच्या बारी गावातून. महाराष्ट्रातलं हे सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. शिड्या आणि रेलिंग झाल्यामुळे शनिवारी रात्री इथे रांगा लागतात. मला मात्र ही वाट नवरात्रात आवडते. तेव्हा पंचक्रोशीतल्या बायका अनवाणी, डोईवर पूजेचं साहित्य घेऊन वर जातात. कथेप्रमाणे कळसू ही घरकामाला राहिलेली कोळ्यांची मुलगी. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, या अटीवर ती राहिली होती. अट मोडली गेली तेव्हा ती घर सोडून डोंगरावर गेली आणि तिथेच राहिली. एका कामकरी मुलीला राज्यातल्या सर्वोच्च माथ्यावर देऊळ मिळालं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ मध्ये ते जाहीर झालं. शेकरू याच झाडीत घरटी बांधतो. मेअखेर-जूनच्या सुरुवातीला हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं काजव्यांनी लखलखतात आणि तेव्हाच गाड्यांच्या रांगा या अरुंद रस्त्यांवर येतात. हेडलाइट आणि टॉर्चच्या उजेडात काजव्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत, त्यांचं मीलन अडतं. काजवे बघायचेच असतील तर गाडी गावात लावावी, दिवे बंद ठेवावेत आणि गावकऱ्यांच्या मागोमाग थोडं चालावं.

दोन-तीन दिवस हाताशी असतील तर रतनगडावरून कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड गाठावा. ऑक्टोबरनंतर आकाश निवळतं, भात कापणीला येतं, ओढ्यांना पाणीही असतं. मुक्काम गावातल्या घरी करावा. आदल्या दिवशी निरोप दिला तर नागलीची भाकरी, पिठलं आणि इंद्रायणीचा भात मिळतो. वाटाड्याशी मजुरी आधीच ठरवावी, घासाघीस न करता. त्याचा शेतीचा दिवस मोडून तो आपल्याबरोबर येतो.