कासव गेलं, काम धावलं!

शुक्रवारची रात्र. मित्रमंडळी मुंबईत पार्टीच्या मूडमध्ये आणि मी दहिवलीच्या घरात लॅपटॉपसमोर डोकं धरून! स्क्रीनवरचं वाळूचं घड्याळ काही हलायचं नाव घेत नव्हतं.

काम तसं साधं. एका प्रकाशकाच्या जुन्या दिवाळी अंकांच्या फाइल्स युनिकोडमध्ये आणायच्या. पण त्या जुन्या फॉण्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेली. फॉण्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली, की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा नुसता भेळपुरी मामला! माझ्याकडचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या जमान्यातलं, म्हणून लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन घातलेलं. म्हणजे काय, तर कम्प्युटरच्या पोटात दुसरा कम्प्युटर. सोमवारपर्यंत फाइल्स गेल्या नाहीत, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. आणि फ्रीलान्सरचा पगार काही एक तारखेला येत नाही. नवा लॅपटॉप कुठून आणणार?

शनिवारी पुण्याहून मावसभाऊ आला. पक्का आयटीवाला. वडा खाता खाता त्यानं स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"ताई, हे हिरवं कासव बघितलंस?"

महिनाभर ते माझ्याकडे बघत होतं, मीच लक्ष दिलं नव्हतं! व्हर्च्युअलबॉक्समध्ये हे कासव दिसलं, की समजायचं, मशीन आडवाटेनं चाललंय.

"तू कर्जतची ना? पुण्याच्या गाड्यांना घाट चढायला इथे मागून इंजिनं लावतात की नाही? इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरमध्ये २००५-०६ पासून तसंच मदतीचं इंजिन आलं, खास व्हर्च्युअल मशीनसाठी. तुझं इंजिन आधीच दुसऱ्या गाडीला लागलंय."

ती दुसरी गाडी म्हणजे विंडोजचं 'मेमरी इंटिग्रिटी' हे सुरक्षा कवच, कधीतरी मीच चालू केलेलं. ते हायपर-व्ही वापरतं. मग व्हर्च्युअलबॉक्सला थेट प्रोसेसरकडे जाता येत नाही, हायपर-व्हीच्या मार्फत जावं लागतं. चूक कुणाचीच नाही, पण वेग जातो.

"मग ते कवच बंद करू?"

"करता येईल, पण सुरक्षा कमी होणार. त्यातून विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. विंडोज ११ च्या यादीत तुझा २०१६ चा प्रोसेसर बसत नाही. आणि रॅम फक्त ८ जीबी. घरमालकानंच सगळ्या खोल्या अडवल्या, तर भाडेकरूनं राहायचं कुठे?"

उपाय एकच: घरमालक बदला! विंडोजच्या जागी लिनक्स मिंट, तेही हलकंफुलकं एक्सएफसीई. खरं सांगते, 'डिस्क पुसू का?' या प्रश्नावर हो म्हणताना माझा हात थरथरला. पण व्हर्च्युअल मशीनचा फंडा भारी आहे. त्याचा अख्खा संसार काही फाइल्समध्ये मावतो. ते फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवलं, लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, फोल्डर परत आणलं आणि एक्सपी जसंच्या तसं उघडलं! कासव गायब. पूर्वी एक्सपी सुरू होईपर्यंत चहा गार व्हायचा. आता पहिल्या घोटाला तयार. रविवारी रात्री शेवटची फाइल गेली.

सगळंच गोडगोड नाही हं. क्लाएंटच्या वर्ड फाइल्स लिब्रेऑफिसमध्ये कधीकधी इकडेतिकडे सरकतात. पण नव्या लॅपटॉपचे हप्ते वाचले, हे काय कमी?

तुम्हीही करताय? मग एवढं पाहाच

• आधी बॅकअप. तोही उघडून बघा.
• लिनक्स आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा. वाय-फाय, आवाज, मराठी कीबोर्ड तपासा.
• बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना? नसेल तर मदतीचं इंजिन यार्डातच!
• सगळी रॅम पाहुण्याला देऊ नका. ८ पैकी मी एक्सपीला २ जीबी दिली, तेवढी पुरते.
• व्हर्च्युअल मशीनमधल्या जुन्या विंडोजचं इंटरनेट बंद ठेवा.
• लॅपटॉप ऑफिसचा असेल, तर आयटी विभागाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

भाऊ निघताना म्हणाला, "ताई, फी?" स्टेशनवर आणखी दोन वडे घेऊन दिले. हिशेब चुकता!