उसाच्या फडातील बिबट्याची मादी : संगोपन, संरक्षण आणि आपली जबाबदारी

प्रस्तावना :
मार्जारकुलातील मोठ्या प्राण्यांपैकी सिंहाचा अपवाद सोडल्यास पिल्लांच्या संगोपनाचा भार बहुतांशी एकट्या मादीवर असतो. बिबट्या हे याचे ठळक उदाहरण होय. पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांतील जुन्नर, अकोले यांसारख्या बागायती तालुक्यांत ही मादी उसाच्या शेतातच पिल्लांना जन्म देते. प्रस्तुत लेखात तिच्या संगोपनाचे स्वरूप आणि ऊसतोडणीच्या काळात उद्भवणारा प्रश्न यांचा विचार केला आहे.

उसातील आसरा :
ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो. दाट आडोसा आणि पाटाचे पाणी तेथे सहज मिळते. भक्ष्यासाठीही मादीला दूर जावे लागत नाही. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ४.८ प्रौढ बिबटे आढळले. २०१४ च्या आहारविषयक अभ्यासानुसार भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव प्राण्यांचा वाटा ८७ टक्के होता. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता.

संगोपनाची रीत :
सुमारे तीन महिन्यांच्या गर्भकाळानंतर मादी बहुधा दोन ते तीन पिल्लांना जन्म देते. जन्मतः पिल्लांचे डोळे मिटलेले असतात. ते आठवडा-दहा दिवसांत उघडतात. शिकारीसाठी मादी पिल्लांना तासन्‌तास एकटे सोडून जाते. या काळात निश्चल दडून राहणे हेच त्यांचे संरक्षण असते. धोका जाणवताच ती पिल्लांना मानगुटीस धरून एकेक करून नव्या जागी हलविते. परिसरात आलेला परका नरही पिल्लांना मारू शकतो, कारण पिल्ले गमावलेली मादी लवकर पुन्हा माजावर येते. पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत एक ते दोन वर्षे जातात.

तोडणी आणि पुनर्भेट :
हिवाळ्यात तोडणी सुरू झाली की हा आसरा नाहीसा होतो आणि मजुरांना पाचटात पिल्ले सापडतात. पिल्लू एकटे दिसले म्हणून ते अनाथ ठरत नाही. पुष्कळदा मादी जवळच्या उसातच असते. अशा वेळी काम थांबवून वन विभागास कळविणे इष्ट होय. पशुवैद्यकीय तपासणीनंतर सायंकाळी पिल्लांना सापडलेल्या जागीच उघड्या खोक्यात ठेवले जाते, माणसे दूर होतात आणि स्वयंचलित कॅमेऱ्याने नजर ठेवली जाते. मादी येऊन पिल्लांना घेऊन गेल्याच्या अशा नोंदी जुन्नर परिसरात अनेकदा झाल्या आहेत. उलट पिल्ले उचलून नेल्यास मादी त्यांच्या शोधात तेथेच घुटमळते व माणसाशी तिची गाठ पडण्याचा संभव वाढतो.

बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याचा अनुभवही बोलका आहे. जुन्नर भागात १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ मध्ये मोठ्या प्रमाणावर स्थलांतर सुरू झाल्यानंतर, २००३ पर्यंतच्या काळात, ही सरासरी १७ वर गेली, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नमूद आहे.

समारोप :
ग्रामस्थांची भीती निराधार नाही. २०२५ मध्ये शिरूर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत बालकांचे प्राण गेले. म्हणूनच वस्तीभोवती उजेड, बंदिस्त गोठे, लहान मुलांना एकटे न सोडणे आणि माणसांवर हल्ला करणाऱ्या प्राण्याचा तातडीने बंदोबस्त या गोष्टी अत्यावश्यक ठरतात. परंतु फडात सापडलेल्या पिल्लाला मादीकडे परत जाऊ देणे हाही याच सुरक्षिततेचा भाग होय. राष्ट्रीय सेवा योजनेची हिवाळी शिबिरे तोडणीच्या हंगामातच भरतात. ऊसतोड कुटुंबे व विद्यार्थी यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचविण्याचे काम त्या भागातील महाविद्यालये सहज करू शकतील.