लेखनसीमेखालची ओळ

माझे वडील गेले तेव्हा आलेल्या सांत्वनपत्रांत एक ईमेल त्यांच्या जुन्या सहकाऱ्याचा होता. चारच वाक्यं, पण मनापासून लिहिलेली. खाली त्या गृहस्थांचं नाव नव्हतं. त्या जागी त्यांच्या फोनचं नाव होतं आणि त्याला जोडून मोबाइल कंपनीचं. त्या दोन नावांनी मला इतकं अस्वस्थ केलं, की तेव्हापासून ईमेलच्या तळाच्या ओळी मी वहीत उतरवून ठेवू लागलो. 'सेंट फ्रॉम ब्लॅकबेरी ऑन एअरटेल', 'सेंट ऑन माय ब्लॅकबेरी फ्रॉम व्होडाफोन', 'सेंट फ्रॉम माय आयफोन', 'सेंट फ्रॉम याहू मेल ऑन अँड्रॉइड'. पत्र कुठे संपतं आणि ते संपल्याचं कोण ठरवतं, हा प्रश्न या वहीतूनच उभा राहिला.

उत्तर शोधताना हाती लागला तो आरएफसी ३६७६ नावाचा दस्तऐवज. इंटरनेटचे नियम आणि संकेत अशा क्रमांकित टिपणांत नोंदवलेले असतात. फेब्रुवारी २००४ मधलं हे टिपण क्वालकॉमच्या रँडल गेलेन्स यांचं. विषय अगदी रुक्ष: साधा मजकूर लहानमोठ्या पडद्यांवर कसा वळवावा. त्यांचा नियम असा, की ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा असेल, तर ती ओळ पुढच्या ओळीला जोडून घ्यायची. इथे एक अडचण आली. यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाजालाच्या काळापासून संकेत होता, की मजकूर संपला की दोन हायफन आणि एक रिकामी जागा एवढीच ओळ लिहायची आणि तिच्याखाली सही करायची. ही खूण दिसली, की उत्तर लिहिताना खालचा भाग आपोआप गळून पडेल अशी सोय अनेक प्रोग्रॅमांत होती. पण तिच्या शेवटीही रिकामी जागाच! नव्या नियमाने ती खालच्या ओळीला जाऊन चिकटली असती आणि सीमारेषा सहीतच विरून गेली असती. म्हणून गेलेन्स यांनी या एका ओळीसाठी स्वतंत्र अपवाद लिहून ठेवला: ही ओळ ना वळणारी, ना स्थिर. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका मोकळ्या जागेसाठी कुणी एवढी काळजी घेतली, हे वाचून मला भरून आलं.

कारण ही खूण मला ओळखीची वाटली. शिवाजी महाराजांच्या पत्रांत वर मुद्रा असते आणि मजकूर संपतो तिथे 'मर्यादेयं विराजते' असं मोर्तब असतं. पेशव्यांच्या कागदांवर त्याच जागी 'लेखनसीमा' उमटलेली दिसते. काम एकच: इथवरचं आमचं, याखाली कुणी काही वाढवलं तर ते आमचं नव्हे. शिक्कामोर्तब हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यातल्या मोर्तबाचं हे राखणीचं काम विसरून गेलो आहोत. दोन हायफन आणि एक रिकामी जागा हे संगणकाचं मोर्तबच आहे.

ईमेलच्या सुरुवातीच्या काळातही सीमेखालची जागा मोजकीच असे. इंटेलच्या सॅली हॅम्ब्रिज यांनी ऑक्टोबर १९९५ मध्ये आरएफसी १८५५ हे शिष्टाचाराचं टिपण लिहिलं. सही चार ओळींच्या आत ठेवा, असं त्यात आहे. कारणही दिलं आहे: अनेकांना जोडणीचे पैसे मिनिटाप्रमाणे मोजावे लागतात. आपल्या शब्दांचा खर्च समोरच्याला पडतो, याची ती जाणीव होती.

पुढच्याच वर्षी या जागेवर दुसऱ्याच कुणाचा डोळा गेला. बंगळुरूत वाढलेले सबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केलं. त्यात पैसे गुंतवणाऱ्या टिम ड्रेपर यांचा आग्रह होता, की प्रत्येक ईमेलच्या तळाशी हॉटमेलची जाहिरात आपोआप जावी. ताजा कलम म्हणून 'आय लव्ह यू' आणि मग मोफत ईमेल मिळवण्याचं आमंत्रण, अशी त्यांची कल्पना. दोघांना ती पटेना. लोकांच्या खासगी पत्रात आपण शब्द घुसडायचे? वाद झाला. शेवटी प्रेमाची ओळ गेली, आमंत्रण राहिलं. दीड वर्षात १ कोटी २० लाख लोक हॉटमेलवर आले. भारतात कंपनीने जाहिरातीवर काहीच खर्च केला नव्हता, तरी इथली ती सर्वांत मोठी ईमेल सेवा झाली. आपणच एकमेकांना ती जाहिरात पाठवत होतो. १९९७ संपता संपता मायक्रोसॉफ्टने हॉटमेल विकत घेतलं. माझ्या मते त्या वादात भाटिया आणि स्मिथ यांचंच बरोबर होतं. ड्रेपर जिंकले, एवढंच.

तरी हॉटमेलची ओळ निदान कंपनीच्या आवाजात बोलत होती. वाचणाऱ्याला कळायचं, की हे पत्र लिहिणाऱ्याचे शब्द नव्हेत. ब्लॅकबेरी आणि २००७ चा आयफोन यांनी तीत एक शब्द आणला: 'माय'. माझ्या आयफोनवरून. आता बोलतो तो पाठवणारा, पण शब्द कंपनीचे. शिवाय आयफोनच्या या ओळीच्या वर ते दोन हायफन नसतात. ती सीमेच्या आत, मजकुरालाच लागून बसते आणि उत्तर-प्रत्युत्तरांच्या साखळीत पुन्हा पुन्हा उमटत राहते.

या ओळीची एक बाजूही मला मांडली पाहिजे, कारण ती खरी आहे. अनेक जण ती मुद्दाम ठेवतात. अंगठ्याने टाइप केलं आहे, चुका पोटात घाला, असा तिचा अर्थ झाला आहे. केलेब कार आणि चॅड स्टेफनियाक यांनी २०१२ मध्ये यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. व्याकरण नीट असेल तर ओळ असो वा नसो, वाचणाऱ्यांना फरक पडला नाही. चुका असतील तर मात्र, ओळ असलेल्या पत्राचा लेखक त्यांना अधिक विश्वासार्ह वाटला. जाहिरातीच्या ओळीतून लोकांनी आपल्या सोयीचा माफीनामा घडवला, ही भाषेची ताकद आहे आणि मला तिचं कौतुक आहे. पण माफी मागायची, तर ती आपल्या शब्दांत मागावी. वडिलांच्या त्या सहकाऱ्याच्या चार वाक्यांत एकही चूक नव्हती. त्यांना कसलीच माफी मागायची नव्हती.

वहीतली शेवटची नोंद 'गेट आउटलुक फॉर आयओएस' ही आहे. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये हॉटमेलचं रूपांतर आउटलुकमध्ये केलं. हॉटमेलच्या त्या पहिल्या ओळीची सुरुवातही 'गेट' या शब्दानेच होत होती.

आयफोनच्या सेटिंग्जमध्ये, मेलच्या आत 'सिग्नेचर' नावाचा एक रकाना आहे. इतर फोनांवर तो मेलच्या अॅपमध्येच सापडेल. तो उघडा, तिथलं वाक्य पुसा आणि आपलं नाव लिहा.