ब्रेक गाडीला लागतो, मालाला नाही

चाकणच्या तळेगाव चौकात घटकाभर उभे राहिले, की उघड्या ट्रेलरवरून पोलादाच्या कॉइल, सळया आणि पाइप घेऊन जाणाऱ्या गाड्या एकामागून एक दिसतात. रायगड जिल्ह्यातल्या डोलवीसारख्या ठिकाणाहून कॉइल बोरघाट चढून येते आणि भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये तिच्यातून गाड्यांचे भाग घडतात. या मालाच्या पुढे ड्रायव्हर आणि क्लीनर बसलेले असतात. त्यांच्या पाठीशी काय असते, याविषयी मी आज बोलणार आहे.

एसटीत उभे असताना ब्रेक लागला, की आपण पुढे झेपावतो. मालाचेही तसेच आहे. 20 टनांची कॉइल धरू. जोराच्या ब्रेकमध्ये माल आपल्या वजनाच्या आठ-दशांश जोराने पुढे रेटतो, असे युरोपातले मानक धरते. म्हणजे 16 टनांचा रेटा. लोखंडी प्लॅटफॉर्मवर लोखंडी माल असेल, तर घर्षण त्यातले जेमतेम 4 टन अडवते. तेलकटपणा असेल तर त्याहूनही कमी. उरलेले 12 टन साखळ्यांवर येतात. खाली चांगली रबरी चटई घातली, तर हे गणित नेमके उलटते: 12 टन चटई धरते आणि साखळ्यांवर 4 टनच राहतात.

केबिनमागे लोखंडी जाळी किंवा जाड पत्र्याची भिंत असते. अमेरिकेत तिला ‘हेडेक रॅक’ म्हणतात. सुटलेली सळई किंवा पाइप मागची काच फोडून आत येऊ नये, यासाठी ती हवीच. पण तिच्या भरवशावर कॉइल सोडता येत नाही. वजन चाकांवर नीट यावे म्हणून कॉइल भिंतीपासून दूर ठेवावी लागते. ती बांधलेली नसेल आणि दीड मीटर घसरली, तर माझ्या हिशेबाने ताशी सुमारे 15 किलोमीटर वेगाने आदळेल. 20 टनांचा असा घाव सहसा कोणतीही जाळी सोसत नाही.

म्हणून माल जागेवरच धरायला हवा. कॉइलच्या पुढे-मागे पक्क्या पाचरी असाव्यात आणि त्या सरकणार नाहीत अशा बसवाव्यात. साखळी नुसती वरून आवळली, तर ती माल खाली दाबते; कॉइलच्या पोटातून घेऊन मागे तिरपी बांधली, तर ती माल मागे खेचून धरते. सळयांचे भारे भिंतीला भिडवून, अनेक ठिकाणी बांधावेत. नाहीतर मधल्या सळया निसटतात. थोडे अंतर गेल्यावर थांबून साखळ्या पुन्हा आवळाव्यात, कारण हादऱ्यांनी माल बसतो आणि साखळ्या सैल पडतात.

मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार, माल मर्यादेबाहेर पुढे, मागे किंवा बाजूला आला तर 20,000 रुपये दंड आहे. पण बाहेर आलेला माल रस्त्यावर कुणालाही दिसतो. आत सैल राहिलेला माल दिसतो तो फक्त भरणाऱ्याला. म्हणून माझी विनंती कारखान्यांच्या माल भरणाऱ्या विभागांना आहे. गेटपासवर सही करण्याआधी वजन आणि चलन तपासता, तशाच पाचरी, चटई आणि साखळ्याही तपासा. त्याला पाच मिनिटे लागतात. तेवढा वेळ केबिनमधल्या त्या दोघांसाठी द्यायला हवा.