कीटकनाशकांचा परवाना : लोकसमज आणि वस्तुस्थिती

दुर्ग जिल्ह्याच्या कृषी उपसंचालकांनी कीटकनाशकांच्या काही दुकानांचे परवाने निलंबित केले, अशा आशयाची चार ओळींची बातमी खरिपाच्या ऐन मोसमात येथील हिंदी वृत्तपत्रांतून अधूनमधून येते, आणि ती वाचून भिलाईतील आम्हां मराठी मंडळींत, ज्यांचे वाडवडील पोलादाच्या कारखान्यातील नोकरीनिमित्त नागपूर-वऱ्हाडाकडून येथे आले आणि ज्यांच्यापैकी अनेकांची शेती अजून तिकडेच आहे, दोन प्रकारचे निकाल तत्काळ लागतात. एका पक्षाच्या मते तो दुकानदार आता तुरुंगात जाणार. दुसऱ्या पक्षाच्या मते आठ दिवसांत काहीतरी देवघेव होऊन दुकान पूर्ववत सुरू होणार. दोन्ही पक्षांनी मूळ कायदा पाहिलेला नसतो, आणि त्यात नवलही नाही, कारण १९६८ चा कीटकनाशक अधिनियम व त्याखालील १९७१ चे नियम ही काही फावल्या वेळी चाळण्याची पुस्तके नव्हेत. परंतु ज्या नगराची वस्ती संपताच भाताची खाचरे लागतात, ज्याच्या जिल्ह्यातील धमधा तालुका टोमॅटोच्या पिकासाठी नावाजलेला आहे, आणि ज्याच्या सेक्टरांतील क्वार्टरांत वाळवी व झुरळे यांच्या बंदोबस्तासाठी पेस्ट कंट्रोलवाल्यांची नित्य ये-जा असते, तेथे या कायद्याविषयीचे अज्ञान कोणाच्याच हिताचे नाही.

हा कायदा पिकांच्या रक्षणासाठी झाला, अशी एक प्रचलित समजूत आहे. वस्तुतः त्याच्या मुळाशी माणसांचे मृत्यू आहेत. १९५८ साली पॅराथिऑन नावाचे जहाल विष आणि खाण्याचे जिन्नस एकाच जहाजातून आले, विष अन्नात मिसळले, आणि केरळात शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या प्रकरणाच्या चौकशीचे काम मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्याकडे सोपविण्यात आले, आणि पुढे दहा वर्षांनी जो अधिनियम संमत झाला त्याच्या प्रस्तावनेतच मनुष्य व पशू यांस होणारा धोका टाळणे हा हेतू नमूद झाला. हे ध्यानात ठेवले म्हणजे या कायद्याची कडक वाटणारी कलमे अकारण जाचक वाटत नाहीत.

आता निलंबनाचा मुख्य प्रश्न. परवाना निलंबित होणे किंवा रद्द होणे ही शिक्षा आहे आणि ती गुन्हा शाबीत झाल्यावरच देता येते, असे पुष्कळ जण, आणि आश्चर्य म्हणजे कित्येक विक्रेतेही, मानतात. अधिनियमाचे चौदावे कलम याहून निराळे बोलते. एखादी महत्त्वाची गोष्ट खोटी सांगून परवाना मिळविला असेल, अथवा परवानाधारकाने त्यातील अटींचा, कायद्याचा वा नियमांचा भंग केला असेल, अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली तर तो परवाना निलंबित अथवा रद्द करू शकतो. त्यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याचे त्याला कारण नाही. मात्र तत्पूर्वी कारणे दाखवा नोटीस देऊन धारकास आपली कैफियत मांडण्याची संधी देणे त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि ही संधी न देता काढलेला हुकूम अपिलात टिकणे कठीण असते. असे अपील हुकूम कळल्यापासून तीस दिवसांच्या मुदतीत करता येते. तात्पर्य, परवान्यावरील कारवाई ही प्रशासकीय शिस्तीची बाब आहे. फौजदारी खटला तिच्याहून स्वतंत्र असून दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, आणि एकातून सुटला म्हणजे माणूस दुसऱ्यातून आपोआप सुटला असे होत नाही. खटला मात्र कोणाही इसमाने उठून दाखल करावा असा नाही, त्याला राज्य सरकारची अथवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीची लेखी संमती लागते. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, अथवा दहा हजार ते पन्नास हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, असे २००० सालच्या दुरुस्तीने ठरले. पूर्वी दोषी ठरलेल्याने तसाच अपराध पुन्हा केल्यास त्याचे नाव, ठिकाण, अपराध आणि शिक्षा वृत्तपत्रांत छापविण्याचा अधिकार न्यायालयास आहे, ही तरतूद फारच थोड्यांस ठाऊक असते. आमच्या मते व्यापारी माणसाला दंडाच्या रकमेपेक्षा तिचीच धास्ती अधिक वाटावी.

निरीक्षक आला, दोनचार बाटल्या उचलून घेऊन गेला, आणि अहवाल काय येणार ते आधीच ठरलेले, असा एक कडवट समज बाजारात आहे. निरीक्षकांपैकी कोणीच कधी वावगे वागत नाही असा दावा करण्याची आमची इच्छा नाही. पण कायद्याने घालून दिलेली रीत इतकी तपशीलवार आहे की ती माहीत असलेल्या दुकानदारास सहसा कोणी नाडू शकत नाही. नमुना घेताना त्याचे तीन भाग करावयाचे, अथवा लहान बांधणीचा माल असेल तर तीन डबे घ्यावयाचे. प्रत्येक भाग मोहोरबंद करावयाचा, आणि दुकानदाराची इच्छा असल्यास त्याला आपलीही मोहोर त्यावर उमटवू द्यावयाची. एक भाग दुकानदाराजवळ राहतो, दुसरा विश्लेषकाकडे जातो, तिसरा न्यायालयासाठी राखला जातो. घेतलेल्या मालाची चालू दराने किंमत दुकानदारास मागता येते. विश्लेषकाचा अहवाल प्रतिकूल आला तरी तो अंतिम नव्हे : त्याची प्रत हाती पडल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत आपण त्याविरुद्ध पुरावा देऊ इच्छितो असे लेखी कळविले, म्हणजे राखलेला नमुना फरीदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक प्रयोगशाळेकडे पाठविता येतो, आणि तेथील निष्कर्ष मात्र निर्णायक मानला जातो. हा हक्क केवळ कागदावरचा नाही. हरियाणा राज्य विरुद्ध युनिक फार्मेड या प्रकरणात नमुन्याची वापराची मुदत सरकारी दिरंगाईत उलटून गेली, फेरतपासणीला अर्थ उरला नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली, आरोपीचा हा बहुमोल हक्क हिरावला गेला या कारणास्तव, खटला रद्द होणेच योग्य ठरविले. यातील गंमत अशी की अठ्ठावीस दिवसांची ही मुदत गमावणारे बहुधा तेच असतात, जे ‘साहेबांशी बोलून घेतो’ म्हणत महिना काढतात.

याच्या उलट टोकाचा एक समज म्हणजे ‘बाटली कंपनीची, सील कंपनीचे, आमचा काय संबंध?’ हा होय. मालाच्या प्रतीविषयी आपण अनभिज्ञ होतो, एवढेच म्हणणे हा बचाव कायदा मान्य करीत नाही. किरकोळ विक्रेत्यास सुटका आहे, परंतु तीन गोष्टी त्यानेच सिद्ध करावयाच्या असतात : माल परवानाधारक उत्पादक वा वितरक यांजकडूनच घेतला होता, वाजवी काळजी घेऊनही दोष ध्यानात येण्याजोगा नव्हता, आणि माल आपल्या ताब्यात असताना योग्य रीतीने साठविलेला व मूळ स्थितीत होता. आता ज्याने पक्के बिल न घेता दोन पैसे स्वस्त मिळाले म्हणून कोठून तरी खोका उचलला, तो पहिलीच गोष्ट कशी सिद्ध करणार? निलंबनाची कारणेही पुष्कळदा अशीच साधी असतात. ग्राहकास बिल न देणे, साठ्याची नोंदवही अपुरी ठेवणे, परवाना दर्शनी भागी न लावणे, मुदतबाह्य माल चालू मालात मिसळून ठेवणे. मुदत संपलेला माल तत्काळ वेगळा काढून, त्यावर विक्रीस व वापरास मनाई असल्याचा शिक्का मारून, ‘मुदतबाह्य कीटकनाशके’ असा फलक लावलेल्या निराळ्या जागी ठेवावा असा नियम आहे. एखाद्या दुकानात शिरल्यावर फळीवरच्या रंगीत डब्यांआधी तो कोपरा पाहावा. तो आहे की नाही यावरून दुकानदाराची शिस्त कळते. राहता राहिली नूतनीकरणाची गोष्ट : २०१५ नंतर परवाना ठराविक वर्षांनी नवा करावा लागत नाही, तो निलंबित वा रद्द होईपर्यंत चालतो, पण त्याचबरोबर विक्रेत्यास कृषी अथवा संबंधित विज्ञानशाखेतील शैक्षणिक अर्हतेची अट आली. म्हणजे मुदत सैल झाली आणि पात्रता घट्ट झाली.

आता आपल्या घरात येणाऱ्या पेस्ट कंट्रोलविषयी. दुकानाची सामान्य नोंदणी असली, किंवा कीटकनाशके विकण्याचा परवाना असला, म्हणजे फवारणीचा धंदा करता येतो, असे समजणे चूक आहे. पैसे घेऊन कीडनियंत्रण करणाऱ्यास निराळा परवाना लागतो, आणि त्यासाठी कृषी विषयाची किंवा रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी, शिवाय म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, हापूडची धान्य साठवण संस्था अथवा हैदराबादची वनस्पती संरक्षण प्रशिक्षण संस्था यांसारख्या ठिकाणी किमान पंधरा दिवसांचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती असणे आवश्यक ठरते. कामगारांस हातमोजे, मुखवटा आदी संरक्षक साधने पुरविणे व त्यांना प्रशिक्षण देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. विषारी वायूने धुरी देण्याचे काम तर याहूनही निर्बंधित आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या ज्या गोळ्या आपल्याकडे वर्षाच्या गव्हाच्या कोठीत बिनधास्त टाकल्या जातात, त्यांचा वापर सरकारी यंत्रणांनी अथवा मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावयाचा आहे, आणि तीन ग्रॅमच्या दहा वा वीस गोळ्यांच्या नळ्यांचे उत्पादन, विक्री व वापर यांवर २००१ सालापासून पूर्ण बंदी आहे.

‘ताई, वास येत नाही, म्हणजे अपाय नाही’ हे वाक्य भिलाईत कोणत्या गृहिणीने ऐकलेले नाही? वास आणि विष यांचा असा काही संबंध नाही. किंबहुना ‘सुरक्षित’, ‘बिनविषारी’, ‘निरुपद्रवी’ असे शब्द, ‘सूचनेप्रमाणे वापरल्यास’ अशी पुस्ती जोडूनसुद्धा, कीटकनाशकाच्या लेबलावर छापण्यास नियमांनी मनाई केली आहे. जे उत्पादकास छापता येत नाही ते फवारणाऱ्याने तोंडाने सांगावे, याला काय म्हणावे? डब्यावरचा त्रिकोण पाहावा : तांबडा सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. हिरवा म्हणजेही विषच.

येथवर ज्या शिस्तीचे वर्णन केले ती दुकान, गोदाम आणि धंदेवाईक फवारणी यांपुरती आहे. शेतकऱ्यानेही परवाना काढला पाहिजे, अथवा त्याच्या फवारणीवर निरीक्षकाचे लक्ष असते, असे जे कित्येकांस वाटते ते खरे नाही. स्वतःच्या घरगुती उपयोगासाठी, परसबागेसाठी, किंवा स्वतःच्या कसणुकीच्या जमिनीत कोणी कीटकनाशक वापरले, तर अडतिसाव्या कलमाने त्याला हा अधिनियम लागूच होत नाही. लहान शेतकऱ्याला कागदपत्रांच्या जाचातून मोकळे ठेवण्याचा हेतू उघड आहे आणि तो रास्तही आहे. पण पाठीवर पंप बांधून दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारा मजूर त्यामुळे कोणाच्याच दप्तरात राहत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात, उंच वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना, शेकडो शेतकरी व मजूर विषबाधेने रुग्णालयात दाखल झाले आणि वीसच्या आसपास दगावले, तेव्हा ही फट सर्वांस दिसली. महाराष्ट्र सरकारने विदर्भातील काही जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांची विक्री साठ दिवस थांबविली; ‘साठच दिवस का?’ म्हणून त्या वेळी पुष्कळ टीका झाली, परंतु सार्वजनिक सुरक्षिततेसाठी राज्याला या कायद्यान्वये अशी तात्पुरती मनाईच करता येते, कायमची बंदी केंद्राच्या हाती आहे. विक्रेत्यांची कडक तपासणी झाली, परवान्यांवर कारवाया झाल्या, आणि ते आवश्यकच होते. तथापि ज्याच्या अंगावर विष उडाले त्याला हातमोजे कोणी द्यावयाचे होते, याचे उत्तर दुकानदाराच्या परवान्यात सापडणारे नव्हते. आमच्या मते या कायद्याचा खरा दुबळेपणा येथे आहे, लाचखाऊ निरीक्षकाच्या लोकप्रिय कथांत नव्हे : शिस्त दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत घट्ट आहे, आणि बांधावर पोहोचेपर्यंत ती विरून जाते.

भिलाईच्या सेक्टरात राहणाऱ्यास त्याबाबत फारसे करता येण्याजोगे नसले, तरी आपल्या दारातील कामापुरते अवश्य आहे. फवारणीवाल्याकडे त्याच्या कीडनियंत्रणाच्या परवान्याची प्रत मागावी, वापरल्या जाणाऱ्या औषधाचे नाव व मुदत डब्यावरून स्वतः वाचावी, रिकामा डबा कचऱ्यात टाकू देऊ नये, आणि बिल घ्यावे. हे देण्यास तो कां-कूं करू लागला, तर जिल्हा कृषी कार्यालयास दुर्ग येथे साध्या कागदावर लेखी कळवावे. कारण चौदाव्या कलमाखालील कारवाई परवाना अधिकारी दुसऱ्या कोणी कळविल्यावरूनही सुरू करू शकतो.